गुलाबरावांची डावखुरी जीप

आमच्या कॉलनीतले सगळे लोक गाडीत उजवीकडे बसून गाडी चालवतात. गुलाबराव चरपे डावीकडे बसून चालवतात. यात चुकतंय कोण, असं त्यांना विचारलं तर ते क्षणाचाही वेळ न लावता सांगतात, "तुमी सगळे."

त्यांच्याकडे जीप आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, स्टीअरिंग डाव्या हाताला असलेली. त्यामुळे उजवीकडे, म्हणजे जिथे साऱ्या देशात ड्रायव्हर बसतो तिथे, त्यांच्या पत्नी इंदूताई मांडीवर डबा घेऊन बसलेल्या असतात. एकदा नागपूरच्या व्हरायटी चौकात एका ट्रॅफिक पोलिसाने जीप थांबवली, उजव्या बाजूला आला आणि समोर न पाहताच हात पुढे करून म्हणाला, "लायसन."

"लायसन तं नाही जी," इंदूताई म्हणाल्या. "आधार कार्ड चालते काय?"

पोलिसाने वर पाहिलं. समोर स्टीअरिंग नाही, एक बाई आणि एक स्टीलचा डबा. त्या धक्क्यातून तो सावरेपर्यंत सिग्नल हिरवा झाला आणि पलीकडून गुलाबरावांनी जीप काढली.

गुलाबराव कृषी खात्यातून निवृत्त झाले. संत्र्यावर फवारणी करायच्या पंपापेक्षा मोठं हत्यार त्यांनी जन्मात हातात धरलेलं नाही, तरी या जीपपायी सारी कॉलनी त्यांना कर्नल म्हणते. तेही हरकत घेत नाहीत. खाकी हाफ पँट, डोक्याला पांढरा दुपट्टा आणि भरघोस मिशी अशा थाटात ते रोज सकाळी जीप पुसतात. त्या वेळी फाटकासमोरून जाण्याची चूक नवा भाडेकरूच करतो, आणि एकदाच करतो. कारण गुलाबराव त्याला आत बोलावून जीपचा इतिहास सांगतात.

"बाकीच्या गाड्या कारखान्यात बनल्या. जीप लढाईत बनली," इथून सुरुवात होते. मग अमेरिकेच्या फौजेला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी कशी हवी होती, ती वाळवंटात कशी पळाली, बर्फात कशी पळाली, साहेब लोक तिच्या बॉनेटवर नकाशे पसरून कसे बसत, हे सगळं ते तिथे हजर असल्यासारखं सांगतात. मध्येच हेडलाइट सोडवून उलटा फिरवतात. "पाहा! अंधारात इंजिन दुरुस्त करायचं असंन तं लाइट इंजिनवर पडते. हाय काय तुमच्या गाडीत?" मग नाकावरच्या, म्हणजे पुढच्या जाळीतल्या, फटी मोजायला लावतात. नऊ भरल्या पाहिजेत. मी तोंडदेखलं "हो, नऊ" म्हणालो, तर त्यांनी मला बोट लावून परत मोजायला लावल्या. भाषणाचा शेवटही ठरलेला. "जीप हे नाव कुठून आलं ते आजवर कोणाले पक्कं माहीत नाही, बाबूसाहेब. बापाचा पत्ता नाही, अन् नाव पहा केवढं कमावलं!" मी विमा कंपनीत कारकून होतो, म्हणून मी बाबूसाहेब.

लढाई संपली, फौजेने गाड्या लिलावात काढल्या आणि त्यातली ही एक नरखेड तालुक्यातल्या एका मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, आली. मालगुजारांनी तिच्यातून शिकारी केल्या. मग शिकार बंद झाली, मालगुजारी तर आधीच गेली होती, आणि जीप गोठ्यात जाऊन पडली. गुलाबरावांना ती दिसली तेव्हा मागच्या बाकावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं बाहेर येईपर्यंत मालगुजारांच्या आईने जीप हलवू दिली नाही. गुलाबराव रोज नोकरीवरून सुटले की त्या कोंबडीची चौकशी करायला जात.

या जीपबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ती बिघडत नाही. भर उन्हात शंकरनगर चौकात ती बंद पडते, मागे हॉर्नचा गदारोळ होतो, गुलाबराव बॉनेट उघडून उभे असतात आणि तुम्ही सहज विचारता, "बिघडली का हो?" त्यावर ते दुखावल्या आवाजात म्हणतात, "बिघडली नाही जी. विचार करून राहिली." तिचा विचार संपेपर्यंत थांबायचं. कधी कधी तो दोन दोन दिवस चालतो.

दुसऱ्यांच्या गाड्या मात्र बिघडतात, अडकतात, फसतात, याबद्दल त्यांना शंका नाही. जीपच्या मागे कायम एक जाड दोर असतो. कळमेश्वरच्या बाजूला रस्त्याखाली काळ्या मातीत एक पांढरी कार उभी दिसली, तेव्हा गुलाबरावांनी एक शब्द न बोलता दोर लावला आणि जीपचा छोटा गिअर टाकून ती कार झाडाखालून सरळ डांबरी रस्त्यावर आणून उभी केली. मग खाली उतरून मिशीवर हात फिरवत थँक यूची वाट पाहू लागले. आतला माणूस हातात पोळीचा घास घेऊन बाहेर आला.

"मी फसलो नव्हतो काकाजी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "सावलीत जेवून राहिलो होतो."

"मंग आधी सांगायचं नाही काय गा?" असं म्हणून गुलाबरावांनी त्याला परत झाडाखाली नेऊन सोडलं. तिथे मात्र ती कार खरोखरच फसली. तिला पुन्हा काढताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणतात.

नागपुरात हल्ली अशा गाड्यांचे शौकीन पुष्कळ झाले आहेत. त्यांनी एकदा गुलाबरावांना मानाने बोलावलं. लाखमोलाच्या नव्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. गुलाबरावांनी एकीत बसून पाहिलं. थंड हवा आली, खुर्ची आपोआप मागे सरली, समोरच्या पडद्यावर बाईच्या आवाजात स्वागत झालं. ते खाली उतरले आणि म्हणाले, "हे जीप नाही गा. हे बैठकीची खोली आहे. हिले चाकं काहून लावले?" तरीही त्या पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं, कारण त्यांच्या जीपइतकी अस्सल जीप कोणाकडेच नव्हती. बाकीच्या जुन्या जीपवाल्यांनी सोयीसाठी कधीच स्टीअरिंग उजवीकडे घेतलं होतं.

आता या डाव्या स्टीअरिंगची एक गोम आहे, ती सांगितली पाहिजे. पुढे ट्रक असला की डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला ट्रकच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. समोरून काय येतंय ते दिसतं उजवीकडे बसलेल्याला. म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर गुलाबरावांचा, पण ओव्हरटेक इंदूताईंचा. गुलाबराव विचारणार, "काय म्हणतं वं?" आणि इंदूताई मान थोडी बाहेर काढून म्हणणार, "थांबा," नाहीतर "निघा." त्यांनी "निघा" म्हटलं की हा माणूस काहीही न पाहता जीप बाहेर काढायचा. नवऱ्याचा इतका आंधळा विश्वास कमावलेली बाई आमच्या कॉलनीत दुसरी नाही. आमच्या घरी तर मी भाजीत मीठ आहे असं म्हटलं तरी ही चाखून पाहते.

ही पद्धत लग्नाच्या दिवशीच सुरू झाली. नवी नवरी जीपमध्ये उजवीकडे बसलेली, डोक्यावर पदर, मान खाली, तोंडातून शब्द नाही. काटोलच्या अलीकडे पुढे कापसाची बैलबंडी आली. गुलाबराव म्हणाले, "अवं, मान वर करून पाय तं. समोरून काही येऊन राहिलं काय?" नवरीने मान वर केली आणि संसारातलं पहिलं वाक्य उच्चारलं, "यष्टी येऊन राहिली जी. थांबा."

"तवापासून मी थांबूनच आहो," असं गुलाबराव हसत हसत सांगतात.

मागच्या वर्षी इंदूताईंना आमच्या हिने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली औषधाने सांभाळायची होती, आणि उरलेली फार नव्हती. बाहेर आल्यावर इंदूताईंनी हिचा हात धरला. "यांले नको सांगजो वं बाई. मले दिसत नाही हे समजलं तं हे जीप विकून टाकतीन. अन् जीप गेल्यावर त्या माणसानं करावं काय?"

हिने मला सांगितलं आणि माझी झोप उडाली. कारण दर रविवारी हे दोघं जीपने नरखेडकडच्या आपल्या संत्र्याच्या बागेत जातात. इंदूताईंना दिलेला शब्द मोडता येत नव्हता, म्हणून मी आडून सुरुवात केली. "गुलाबराव, आता स्टीअरिंग उजवीकडे घ्याच. सगळ्यांनी घेतलं."

ते एकदम भडकले. "ओरिजिनल जीपले हात लावू? उद्या म्हणसान, संत्र्यात बी कायले पाहिजे!" पुण्याहून त्यांच्या मुलाने फोनवर हेच सांगितलं, तर त्याच्याशी ते पंधरवडाभर बोलले नाहीत. मला त्यांचा मनापासून राग आला. हा माणूस एका लोखंडाच्या हट्टापायी बायकोचा जीव धोक्यात घालणार, असं मी घरी तावातावाने बोललो.

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली आणि त्यांनी मला बागेत यायचा आग्रह केला. मी गेलो. मागच्या बाकावर उजव्या कडेला बसलो आणि मनाशी ठरवलं, की वेळ आली तर मागून ओरडायचं, मग कोणाचा शब्द मोडो की राहो.

काटोल रोडवर पुढे ट्रक आला. गुलाबरावांनी विचारलं, "काय म्हणतं वं?" इंदूताईंनी नेहमीसारखी मान बाहेर काढली. "निघा," त्या म्हणाल्या.

समोरून लाल यष्टी येत होती. मला स्पष्ट दिसत होती. मी ओरडायला तोंड उघडलं. पण जीप तसूभरही उजवीकडे सरकली नाही. यष्टी धाडकन बाजूने निघून गेली.

"गिअरच नाही पडला," गुलाबराव म्हणाले. "विचार करून राहिली वाटते."

पुढे ट्रॅक्टर आला. पुन्हा "निघा." या वेळी अ‍ॅक्सिलरेटर चिकटला. त्यानंतर क्लच घसरला, मग इंजिन गरम झालं. ज्या जीपबद्दल ते कोणाचा अर्धा शब्द ऐकून घेत नसत, तिची खोटी दुखणी ते बायकोला काटोलपर्यंत एकामागून एक सांगत राहिले. आम्ही एकाही गाडीच्या पुढे गेलो नाही. मागचे लोक शिव्या देत पुढे जात होते. इंदूताई प्रत्येक वेळी मान बाहेर काढत होत्या.

काटोलच्या बसस्टँडजवळ चहाला थांबलो. इंदूताई जीपमध्येच बसल्या. टपरीपाशी मी हळूच विचारलं, "गुलाबराव, तुम्हाला माहीत आहे?"

"तुळशीले पाणी घालते तं अर्धं कुंडीच्या बाहेर पडते. मले दिसत नाही काय?" ते कपात पाहत म्हणाले.

"मग स्टीअरिंग उजवीकडे का घेत नाही? तो अस्सलपणा घेऊन काय चुलीत घालायचा आहे?"

"ओरिजिनल-फिरिजिनल सब बहाणा हाय, बाबूसाहेब." त्यांनी कप खाली ठेवला. "स्टीअरिंग उजवीकडे गेलं का इंदू डावीकडे बसंन. तिथं बसून तिनं काय करावं? पाहुण्यासारखं बसावं? लग्नापासून तिनं मले रस्ता सांगतला. आता मी तिले कोणत्या तोंडानं सांगू, का तुही गरज नाही म्हणून?"

मी या माणसावर हट्टी म्हणून संतापलो होतो. चहा तसाच टाकून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पण असं किती दिवस? एखाद्या दिवशी तुमच्या हातून चुकून..."

"म्हणून तं रोड सोडून राहिलो," ते म्हणाले. "चाला, दाखवतो."

काटोल सोडल्यावर थोड्याच अंतरावर त्यांनी डांबरी रस्ता सोडला आणि जीप पांदणीत घातली. पांदण म्हणजे दोन बाजूंच्या शेतांमधली बैलबंडीची वाट. काळी माती, खोल चाकोऱ्या, मध्ये गवत. या वाटेने बाग दुप्पट लांब पडते. पण इथे ट्रक येत नाही, यष्टी येत नाही, कोणाला ओव्हरटेक करायचं नसतं. छोट्या गिअरमध्ये जीप हलत डुलत चालली. दोन्हीकडे संत्र्यांनी वाकलेली झाडं होती आणि समोर उन्हात पसरलेली रिकामी वाट.

एका वळणाशी गुलाबरावांनी जीप उभी केली. "काय म्हणतं वं इंदू? समोर काही हाय काय?"

इंदूताईंनी समोरच्या काचेची चौकट धरली, पुढे झुकल्या आणि डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"मोकळं हाय जी," त्या म्हणाल्या. "निघा."

आणि ते खरंच मोकळं होतं. गुलाबरावांनी न पाहता, पूर्वीसारखा, एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंदूताई समाधानाने मागे टेकल्या. मी मागच्या बाकावर तोंड फिरवून संत्री पाहू लागलो, कारण माझे डोळे भरून आले होते.

"त्या मोठ्या रोडवर तुमची जीप लय अडते जी," थोड्या वेळाने इंदूताई म्हणाल्या. "आतापासून आपण इकडूनच येत जाऊ."

"येऊ न वं," गुलाबराव म्हणाले. "आपल्याले कायची घाई हाय?"