रुमालाखालचं इंग्रजी

खुशालरावांची कापसाची गाडी बाळापूरहून अकोल्याच्या बाजारात शिरली, तेव्हा पुढं चुन्यानं लिहिलेली फळी टांगलेली होती : ‘इंग्रजी-बोलते जावई’. समुद्रापार कुठंतरी लढाई जुंपल्यानं कापसाला सोन्याचे दिवस आले होते आणि खरेदीला खुद्द इंग्रज साहेब येणार होता. म्हणून खुशालरावांनी अमरावतीहून जावयाला, सूर्यभानला, मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

सूर्यभानचं इंग्रजी पादऱ्याच्या शाळेत मुळाक्षरांपाशीच संपलं होतं. हे उघडं पडलं तर सासुरवाडीला तोंड दाखवायची सोय उरली नसती.

खुशालरावांना अक्षरओळख नव्हती. फळीवरच्या पहिल्या दोन शब्दांमधल्या आडव्या रेघेकडे मात्र ते सारखे थक्क होऊन बघत होते.

“हे रेघ कायची, जावईबापू?”

“इंग्रज लोक देतेत, मामाजी. भाषा अन् बोलनारा येगळे होऊ नये म्हनून बांधून ठेवतेत.”

“म्हंजे जू व्हय हे,” खुशालराव म्हणाले, आणि त्यांनी रेघेला हात जोडले.

फळीची बातमी बाजारभर झाली. “आमचाबी भाव तुमीच बोला,” म्हणत एकेक जण आपली गाडी मागं लावू लागला. साहेब आला तोवर अर्धा बाजार सूर्यभानच्या पाठीशी होता आणि त्याचा सदरा घामानं भिजला होता.

बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली बोटं धरायची. जितकी बोटं, तितका भाव चढा. साहेब ही रीत शिकला होता. शाळेच्या नादात सूर्यभानची ती राहून गेली होती. साहेबलोक भेटल्यावर हात हलवतात, एवढंच त्याला ठाऊक होतं.

रुमालाखाली साहेबानं तीन बोटं धरली. सूर्यभाननं त्याचा अख्खा पंजा पकडून मनापासून हलवला. साहेब चपापला, त्यानं चार धरली. सूर्यभाननं पुन्हा पंजा हलवला, आणि आदर कमी पडत असेल म्हणून दुसराही हात रुमालाखाली घातला.

“पाच देतो, बाप्पा, पाच,” साहेब घाईनं म्हणाला. “तो दुसरा हात बाहीर काढा पयले.”

बाजारात असा भाव कुणी पाहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर सूर्यभानला राहवेना. “मामाजी, मले इंग्रजी येतच नाई.”

खुशालरावांनी वाकून फळीवरची रेघ बोटानं चाचपली.

“तुमाले इंग्रजी येत नाई, अन् सायेब वऱ्हाडी बोलला,” ते हळूच म्हणाले. “मंग हे जू लयच मजबूत व्हय, जावईबापू. तुमी जागचे हालले नाई, तं त्यानं सायबालेच इकडं ओढून आनलं.”