पागे अण्णांची शिकार

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा खाटेवर पडले ते पागे अण्णा. काही जमातींत बायको बाळंत झाली की नवराच कण्हत अंथरूण धरतो, असं त्यांनी वाचलं होतं. जावई तयार होईना, म्हणून विज्ञानासाठी अण्णा स्वतः पडले आणि लेकीचे डिंकाचे लाडू संपवूनच उठले. "गुण येतो," हा त्यांचा निष्कर्ष. वहिनींचा निष्कर्ष छापण्याजोगा नाही.

आमच्या जुनी इंदूरमध्ये पुस्तकातलं ऐकवणारे पुष्कळ. मी तर कॉलेजात त्याचाच पगार घेतो. अण्णा प्रत्येकाला एकच विचारत, "वो सब ठीक, पण करके देखा क्या?"

मिल बंद पडली आणि साचाखात्यात मागांवर देखरेख करणारे जॉबर अण्णा घरी बसले. पोलोग्राउंडच्या एका नव्या कारखान्यात काम मागायला गेले, तर टाय लावलेला मुलगा म्हणाला, "अंकलजी, आप थक गए होंगे. आराम करो." त्यानंतर बरेच दिवस अण्णांनी कुणाला काही विचारलंच नाही. मग एकदा पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. त्यात होतं, शिकारीत आदिमानव हरणाहून हळू, पण थांबत नसे. उन्हात आधी हरीण कोसळे.

"म्हणजे माणूस थकत नाही, प्रोफेसर. लिहिलंय."

"करके देखा क्या?" मी म्हणालो.

हरीण कुठलं मिळायला? वेल्डिंगवाल्या सलीमभाईंची बकरी ठरली.

"अण्णा, बकरी से क्या दुश्मनी है?"

"दुश्मनी नाही भिया, सायन्स आहे."

मे महिन्यातली दुपार. बकरी पुढे, अण्णा मागे, सायकलवर पाणी घेऊन मी. ती पळत जाऊन कडुनिंबाखाली थांबे. अण्णा आपल्या चालीने पोचले की पुन्हा पळे. त्या कारखान्याच्या फाटकावरून जाताना अण्णा उगाच ताठ होत. टायवाला आत कूलरपाशी असावा. बाहेर फक्त चौकीदार होता आणि तो झोपला होता.

ऊन कललं तेव्हा त्याच फाटकासमोर, रस्त्याच्या मधोमध बकरीने पाय दुमडले. अण्णा उभे होते.

"मान गए," सलीमभाई हसत आले. "ये तो थक गई. अब किस काम की?"

अण्णा आता फाटकाकडे बोट दाखवणार, असं मला वाटलं. त्यांनी बकरीकडे पाहिलं.

"थकी नहीं है भिया," ते म्हणाले. "जरा बैठी है."

आणि आपली सावली तिच्यावर पडेल, असे सरकून उभे राहिले.