महिन्यातून तीनदा कावळा

सुनेने सासूला खुशाल फसवावं, पण त्यात थोडी अक्कल तरी घालावी. आमच्या विजयमालाने तेवढीही घातली नाही. बाहत्तरच्या दुष्काळात तिला महिन्यातून तीनदा कावळा शिवायला लागला.

तेव्हाची रीत अशी की, कावळा शिवला की बाईने पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर बाजूला बसायचं. चूल नाही, पाणी नाही, कशाला हात लावायचा नाही. विजयमाला सांगलीकडची, कृष्णाकाठची, दिली आमच्या कोरड्या माणदेशात. माझा लेक, तिचा नवरा मानसिंग, पलटणीत. तिची तिन्ही पोरं तिच्याच पदराला. सकाळी टँकरची रांग, दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, आणि आल्यावर रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, थापाव्या तर चिरायच्या. पोरं तोंड फिरवायची. आज मला त्या भाकरीचा वास आठवला की भूक लागते.

पहिल्यांदा बसली, मी चूल सांभाळली. दहा दिवसांत पुन्हा पोतं अंथरलं.

"आगं, परवाच तर उठलीस."

"दुष्काळानं हिशेब चुकला आसंल, आत्याबाई," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

नागड्या पोराने शिवलेलं चालायचं. म्हणून धाकट्याची कापडं काढून त्याला तिच्याकडे सोडलं. थोरल्या दोघांनी ते हेरलं. घटकाभरात तेही कापडं फेकून तिच्या अंगावर.

तिसऱ्या खेपेला थोरल्याने टँकरपाशी जाहीर केलं, "आमच्या आईला परत कावळा शिवला!"

झालं. शेजारची बनाबाई काढा घेऊन आली. "हरणाबाय, सुनंला लय जातंय का गं?" मी म्हटलं, तुझ्या काढ्याने जे राहिलंय तेही जाईल. मग तिने गावात आलेल्या नर्सबाईला गाठलं. नर्सबाईने दारातूनच विचारपूस केली आणि मान हलवली. "साताऱ्याला न्या. बहुतेक पिशवीच काढावी लागेल."

पिशवी म्हणताच पोत्यावरची सून ताडकन उठून बसली. नर्सबाईची पाठ फिरली तशी शिवाशिव विसरून माझ्या पायाशी आली.

"आत्याबाई, काय बी झालं न्हाई मला. नुस्तं बसायचं हुतं."

"मग बसते म्हनायचं!"

"कशी म्हनू? तुमी कवा बसलाय?" तिने पदराने नाक पुसलं. "त्या दिशी धाकटा पान्यापायी रडाय लागला. मी त्याला धरून आसं हलवलं, पार मान मागं गेली त्याची. माजंच मला भ्या वाटलं. म्हनलं, कशाला हात लावायचा न्हाई आशा जागी जाऊन बसावं. तर तितं बी पोरं कापडं काढून आली."

मला हसू आलं, आणि मग मी धाकट्याला बोलावून त्याची मान चाचपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पोत्यावरून उठू दिलं नाही; दुसरं पोतं घेतलं आणि तिच्या शेजारी अंथरून बसले. आप्पासो, म्हणजे आमचे मालक, चहाची वाट बघून पडवीत आले.

"आगं, आज चूल न्हाई पेटली?"

"मला कावळा शिवलाय."

"तुला? ह्या वयात?"

"व्हय. लय वर्सं वाट चुकला हुता."

"आन् सूनबाई?"

"ती बी बाजूला. पीठ फडताळात हाय."

आप्पासोंनी एकदा कावळ्यासाठी आढ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि धोतर खोचून चुलीपुढे बसले. पहिली भाकरी परातीतच मोडली, दुसरी तव्यावर, तिसरी जळाली. रोज तोंड फिरवणारी पोरं हसून हसून ते तुकडे खात होती. मग आजोबांनी हंडा उचलला आणि तिघांना घेऊन टँकरला गेले. घर इतकं गप्प झालं की माशीचा आवाज यायला लागला.

विजयमाला घाबरून माझ्याकडे बघत होती. मी पाय लांब केले आणि तिला सांगितलं,

"लबाडी तुजं काम न्हवं, विजयमाला. तू निस्ती येडी हायस. पोरं तुज्या एकटीची हायत व्हय? फुडल्या बारीला हात उठाय लागला, की पोरगं माज्या मांडीवर आणून आपटायचं आन् म्हनायचं, आत्याबाई, धरा ह्याला, मी दमली. कावळ्याला मधी घालायचं न्हाई. आता नीज गप, आन् जरा तिकडं सरक, माजं पाय मावंनात."