फणसळकरांच्या सहीचा बंदोबस्त

विद्याधर फणसळकर यांनी मुलुंडच्या एका लहानशा बँकेत खाते उघडले, तेव्हा मॅनेजर दिघे यांनी त्यांना चेकबुक दोन्ही हातांनी दिले आणि खुर्चीतून उठून एक सूचना केली.

"फणसळकर, सही म्हणजे तिजोरीची किल्ली. ती कोणालाही दाखवायची नाही."

"पण चेकवर तर करायची ना?"

"अलबत. चेकवर करायची, चेक दुकानदाराला द्यायचा, आणि सही दाखवायची नाही," असे म्हणून दिघ्यांनी नमुना सहीचे कार्ड लोखंडी कपाटात ठेवले आणि कपाटाची किल्ली जानव्याला अडकवली.

फणसळकर रसायनशास्त्राचे पदवीधर. आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात रंग वाळताना ते त्याच्याकडे बघत बसत आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळे. सूचनेत विसंगती आहे हे त्यांच्या तत्काळ लक्षात आले. परंतु विसंगती लक्षात येणे वेगळे आणि ती मॅनेजरला सांगणे वेगळे, इतपत शास्त्र त्यांना अवगत होते. शिवाय त्यांना चेक हवा होता. नवे पैसे नुकतेच चलनात आले होते आणि आण्यांशी त्यांचा मेळ घालताना वाण्याच्या दुकानात रोज वादावादी होई. आणि बँकेत थोडे थोडे साठले की त्यांची पत्नी वसुधा हिला शिवणयंत्र घ्यायचे होते. वसुधा शेजारपाजारच्या उशांच्या अभ्र्यांवर हाताने भरतकाम करून देई. यंत्र आले तर ब्लाउज शिवायला घेईन, असे ती लग्न झाल्यापासून म्हणत होती. हल्ली मात्र म्हणेनाशी झाली होती, आणि फणसळकरांना त्याचीच जास्त काळजी वाटे.

पहिला चेक त्यांनी नेणशीभाई वाण्याला दिला. नेणशीभाईने तो उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"साहेब, ही सही तुमचीच हाय, ते मला कसा समजणार?"

"मी तुमच्यासमोरच केली ना."

"समोर तर मी पण करेल. एक कोऱ्या कागदावर करून द्या. पुढच्या टायमाला जुळवून घेईल."

मागणी शास्त्रशुद्ध होती. तुलना करायची तर नमुना पाहिजेच. फणसळकरांनी कोऱ्या कागदावर सही करून दिली आणि नेणशीभाईने ती तराजूच्या वर भिंतीवर, लक्ष्मीच्या तसबिरीखाली चिकटवली, म्हणजे उदबत्तीचा धूर तिलाही मिळावा. दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाला धोंडू दारात उभा. "नेणशीभायक दिलात, मग आमी काय पाप केला?" त्यालाही दिली. मग दवाखान्यात दिली, चपलांच्या दुकानात दिली. ज्याला ते रोख पैसे देत त्या न्हाव्यानेही एक मागून घेतली. "राहू द्या साहेब. उद्या लागली तर?"

महिन्याभरात शेजारच्या मालनताई एक पुडी घेऊन आल्या. "भावजी, तुमची सही आमच्या मोहरीला आलीय. परत पाहिजे का?"

फणसळकर पुडी घेऊन दुकानात गेले. नेणशीभाईला त्यात वावगे काही दिसले नाही. "तेल लागला, म्हणून काढली. जुनी झाली ना. आता नवी द्या."

घरी आल्यावर वसुधा म्हणाली, "अहो, बंद करा की ते चेक. पैसे दिले आणि डाळ घेतली, यात कोणाचं अडलं होतं?"

"अगं, गळती झाली म्हणून कोणी प्रयोग सोडत नाही. आधी कोणत्या बरणीतून गळतंय ते शोधतात."

त्याप्रमाणे त्यांनी शोध लावला. प्रत्येक दुकानदाराला वेगळी सही. नेणशीभाईच्या सहीची शेपटी डावीकडे वळेल. धोंडूच्या सहीखाली दोन टिंबे. दवाखान्याला 'ळ'वर एक जादा वेलांटी, चपलांना अधोरेखन. यापुढे मोहरीतून सही बाहेर पडली, तर ती कोणाकडून फुटली हे शेपटीवरूनच कळणार.

दिघे या योजनेने हेलावून गेले. सर्व सह्यांची नोंद करायला कार्ड अपुरे पडले, तेव्हा त्यांनी ड्रॉइंगचा कागद मागवला. "फणसळकर, या शाखेत एका माणसाच्या इतक्या सह्या आजवर सुरक्षित नव्हत्या," ते म्हणाले. कागद कपाटात मावेना, म्हणून घडी घालून ठेवला. फणसळकर प्रयोगशाळेत सह्यांचा सराव करू लागले. तिकडे रंग वाळून तडकू लागला.

अखेर यंत्रापुरती रक्कम साठली. घाटकोपरच्या दुकानदाराने एक यंत्र शनिवार दुपारपर्यंत वसुधासाठी बाजूला ठेवायचे कबूल केले. भांडुपच्या एक बाई त्याच यंत्रासाठी पैसे घेऊन बसल्या होत्या. "मात्र रोख आणा," त्याने बजावले, "मुलुंडच्या चेकची सही जुळवायला माझ्याकडे भिंत नाही."

शनिवारी सकाळी नवराबायको बँकेत गेली. फणसळकरांनी स्वतःच्या नावे चेक लिहिला आणि सही केली. दिघे कपाटापाशी जाऊन आले.

"ही नेणशीभाईंची."

फणसळकरांनी दुसरा चेक लिहिला.

"ही लाँड्रीची. स्वतःसाठी काढताना मूळ सही लागते. खाते उघडताना केलेली."

तिसऱ्या चेककडे दिघे बराच वेळ पाहत राहिले. "ही कोणाचीच नाही. पण चांगली आहे. हवी तर नोंदवून घेऊ."

"दिघेसाहेब, तुम्ही मला ओळखता. काल आपण एकत्र चहा घेतला."

"मी ओळखतो हो. बँक ओळखत नाही."

"मग ती मूळ सही एकदा दाखवा. बघून करतो."

"सही कोणालाही दाखवता येत नाही. खातेदाराच्या संरक्षणासाठी नियम आहे तो."

"खातेदार मीच आहे."

"तेच तर जुळत नाही ना," दिघे हळहळून म्हणाले.

वसुधाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ते पाहून फणसळकरांना घाम फुटला. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसले, आणि दिघ्यांची नजर रुमालाच्या कोपऱ्यावर खिळली.

तिथे हिरव्या दोऱ्याने वि. गो. फणसळकर अशी सही भरलेली होती. लग्न ठरल्यावर आलेल्या पहिल्या पत्राखालची सही वसुधाने गिरवून घेतली होती आणि नवऱ्याच्या सगळ्या रुमालांवर भरली होती. ते रुमाल दर आठवड्याला धोंडूकडे उघड्यावर वाळत आणि कडक इस्त्री होऊन परत येत. फणसळकरांना त्यात सही अशी कधी दिसलीच नव्हती. त्यांना रुमाल दिसे.

दिघे रुमाल घेऊन कपाटापाशी गेले आणि चेहरा उजळून परतले. "तंतोतंत. ही कोणी केली?"

"मी," वसुधा म्हणाली.

"शाईने येईल?"

तिने टाक सुईसारखा धरला आणि चेकवर सही केली. दिघ्यांनी ती जुळवली, नोटा मोजल्या आणि तिच्या हातात ठेवल्या. "नियमाप्रमाणे ज्याची सही जुळते, तो खातेदार. आता काही अडचण नाही."

"आणि हे?" तिने नवऱ्याकडे पाहिले.

"हे तुमच्याबरोबर आले होते, एवढं मी लिहून ठेवतो."

यंत्र घरी आले. तेव्हापासून सह्या वसुधा करते आणि फणसळकर कारखान्यात जाताना तिच्याकडून भाड्याचे पैसे मागून घेतात. ब्लाउज मात्र अद्याप शिवून झालेले नाहीत, कारण तिला दुसरेच काम मिळाले. ही हकीकत ऐकून इतर खातेदार आपापली सही विसरण्याआधीच रुमालावर भरून घ्यायला येऊ लागले. पहिला रुमाल दिघ्यांचा होता. आता मुलुंडच्या गॅलऱ्यांमधून दोरीवर सह्या वाळताना दिसतात आणि बँक निर्धास्त आहे.

हे वाचून हसू आले असेल, तर जवळच्या कागदावर एकदा सही करावी, ती झाकावी आणि खाली दुसरी करावी. जुळल्या तर उत्तम. नाही जुळल्या तरी हरकत नाही. पण तो कागद रद्दीत टाकू नये. नेणशीभाईंची मोहरी अजून पुडीतूनच येते. आणि ज्याचे तोंडही कधी पाहिले नाही अशा माणसाने नुसते सांगितले, म्हणून आपण मुकाट्याने दोनदा सही करून बसलात, याचीही कुठेतरी नोंद करून ठेवावी.