विडी पुढे, पाटी मागे

मानाजीराव मोहित्यांनी एक छोटासा निर्णय घेतला. विडी सोडायची नाही, फक्त ओढायची जागा बदलायची. म्हैसूरच्या विजयनगरात त्यांच्या घरासमोरच्या बागेत ‘धूम्रपान केल्यास दंड’ अशी पाटी लागली होती आणि घरात तर बायकोचा, सुमित्राबाईंचा, कायदा त्याहून कडक. (तिथं दंड भरूनही सुटका नाही.) पण वसाहतीचा लेआउट संपला की पंचायतीची हद्द, आणि तिथल्या कट्ट्यावर पाटीबिटी काही नव्हती.

“जरा वॉकिंगला जाऊन येतो,” म्हणून ते निघाले. मजेत ओढली आणि बडीशेप चघळत परतले.

थोड्याच दिवसांत कट्ट्यावर पाटी! मानाजीराव पुढच्या गावच्या पिंपळाखाली सरकले. तिथंही पाटी! मग त्याच्याही पुढं, कालव्याच्या पुलावर. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते म्हणे. पण एवढी माघार त्या घराण्यात कुणीच घेतली नव्हती.

इकडे डॉक्टर प्रणेश खूष. “शुगर उतरली, पोट उतरलं! केलंत तरी काय?”

“चालतो हो, सुम्मने, उगीच आपलं,” मानाजीराव लाजले.

“नातीचा खोकलापण गेला,” सुमित्राबाई म्हणाल्या. “बागेत धूर नाही आणि घरात हे नाहीत.”

रविवारी मानाजीराव घामाघूम होऊन पूल गाठतात, विडी ओठांत धरून काडी ओढतात, तोच शेजारी टेंपो थांबला. शिडी, हातोडा आणि अख्खं भजनी मंडळ खाली उतरलं. पुढं सुमित्राबाई! काडीनं बोट भाजलं.

“अय्यो! तू इथं?”

“पंचायतीनं आमच्या मंडळाला पाट्या लावायचं काम दिलंय.”

“म्हणजे कट्ट्यावरची, पिंपळाखालची...”

“आम्हीच लावल्या. अहो, बडीशेप खाऊन कुणाच्या शर्टाला भोकं पडतात का? डॉक्टर कधीचे म्हणत होते, यांना चालवा. नुसतं सांगून तुम्ही गेटपर्यंत तरी गेला असता? साकु, पुरे झालं, आता शिडी धरा.”

मानाजीरावांनी शिडी धरली. (विडी खिशात, मान खाली.) पाटी लागली. मंडळानं टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग सुमित्राबाईंनी टेंपोतून आणखी एक पाटी काढली आणि हातोड्यासकट त्यांच्या काखेत दिली.

“ही पुलापलीकडच्या गावची. तिथवर टेंपो जात नाही. उद्या तुम्ही जाणारच, तर जाता जाता ठोकून या. आणि हो, ओढायची ती आधी ओढून घ्या. स्वतः ठोकलेल्या पाटीखाली सापडलात, तर सोडवायला मी येणार नाही.”