निमकरांची संथ लाट

आमच्या शेजारचे निमकर कुणाला ‘कसं काय?’ विचारत नाहीत. ‘डोकं आज कुठल्या बाजूला?’ असं विचारतात. भर लिफ्टमध्ये, आणि तेही माझ्या बायकोला, सुनीताला!

मी बँकेत ऑडिटला. संशय घेण्याचाच पगार मिळतो मला. इथे सिंगापूरला, हौगांगमध्ये, आमच्या मजल्यावर मराठी माणूस आला म्हणून आधी आम्ही खूश, पोहेबिहे दिले. पन्नाशीचे, एकटे, युनिव्हर्सिटीत संशोधन करतात म्हणे. कसलं? ‘मेंदूतून एक लाट सरकते. गोगलगायीच्या चालीनं. मी तिचं गणित मांडतो.’ आता बोला! खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांत, कोपीत, म्हणजे इथल्या कॉफीत, दूध कसं पसरतं ते बघत बसतात, कोपी गार होते.

सुनीताला अर्धशिशी आहे हे कळल्यावर तर गडी हरखलाच. ‘वहिनी, दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड येतो ना? तो कुठवर सरकला ते कागदावर काढत जा. तीच लाट!’ ही बया काढायलाही लागली. मी चिडलो की म्हणायची, ‘ते निदान विचारतात तरी.’ पण यात त्यांना काय मिळतं? फुकट कोण कुणाची चौकशी करतं हो?

परवा ऑफिसातून लवकर आलो, तर निमकर आमच्याच दाराबाहेर, चपलांच्या रॅकशेजारी फतकल मारून! मांडीवर लॅपटॉप. माझी सणकलीच.

‘काय चाललंय इथे?’

‘शूऽऽ! वहिनींचं दुखतंय. आत अंधार केलाय.’

तेवढ्यात समोरच्या चिनी आंटी ट्रॉली खडखडवत आल्या. निमकरांनी धावत जाऊन ती उचलून त्यांच्या दारात ठेवली, आणि पुन्हा येऊन बसले.

‘पण तुम्ही का बसलात?’

‘आईचं असंच दुखायचं. मी दाराबाहेर बसायचो. ती आतून विचारायची, अजून किती वेळ रे? मला काय ठाऊक! ठोकून द्यायचो, झालंच आई, झालंच.’ त्यांनी चष्मा पुसला. ‘आता गणितानं थोडंफार सांगता येतं. तर विचारायला आई नाही.’

बूट काढून मीही खाली टेकलो.

आतून सुनीताचा बारीक आवाज आला, ‘निमकर... अजून किती वेळ हो?’

लॅपटॉप उघडाच होता. त्यांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, ‘झालंच हं, झालंच.’