परबकाकांचा कान

परबकाका कानाने स्वयंपाक करायचे. म्हणजे स्वतःचा नव्हे, आमचा. अंधेरीच्या आमच्या चाळीत सामाईक गॅलरीतल्या बाकावर ते पाठमोरे बसत आणि तिथूनच मजल्यावरच्या पाचही स्वयंपाकघरांचा कारभार बघत.

लग्न होऊन साताऱ्याहून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी फोडणी करत होते, तर खिडकीतून आवाज आला, "मोहरी गप झाल्याशिवाय हिंग घालू नको गो!" माझ्या हातातून डबीच पडली. नवरा म्हणाला, "घाबरू नकोस, परबकाका आहेत. गिरणीतून रिटायर झालेत, बायकामुलं गावाला. दिवसभर हाच उद्योग."

आधी राग यायचा. मग लक्षात आलं, माणूस चुकत नाही. तळताना माशाच्या तुकडीचा चरचराट खाली येईपर्यंत उलथनं लावायचं नाही, नाहीतर ती तव्याला चिकटते. भाताची खदखद बसली की झाकण, आणि आच बारीक. नारळाच्या रसाला उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर फुटतो. गॅसचा नंबर लागला नव्हता, वातीच्या स्टोव्हवर सगळं चालायचं, आणि काकांना ते गॅलरीत बसून ऐकू यायचं. कानाने कळण्यासारखं नसे ते मी विचारून घ्यायचे.

माझी खरी परीक्षा सासूबाई मालवणहून आल्या तेव्हा होती. घाटावरची सून त्यांना पसंत नव्हती. "मासे येतत काय तिका?" एवढंच त्यांनी लग्नात विचारलं होतं. वर्सोव्याच्या कोळणीकडून मी बांगडे घेतले आणि काकांना विचारून कालवण केलं. ओल्या खोबऱ्याचं वाटण, पाच-सात तिरफळं, शेवटी आमसुलं, म्हणजे मालवणी सोलां. डाव घातला नाही, फडक्याने टोप धरून हलवला. पानं घेण्याआधी वाटीभर काकांना चाखायला दिलं. भुरका मारून काका म्हणाले, "झकास!"

सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "तिरफळां बियांसकट वाटलंस?"

मी वाटली होती. साताऱ्यात तिरफळ पाहिलंय कुणी? बिया काढून नुसती ठेचून टाकायची असतात, हे मला ठाऊक नव्हतं. कालवण कडूजहर झालं होतं. मी तशीच गॅलरीत गेले.

"काका, चाखलंत ना तुम्ही? की माझी फजिती बघायची होती?"

काका बाकावरच माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "माका वास येना नाय गो. चवय कळना नाय. रंगखात्यात नाक गेला, अकरा वर्षां झाली."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितला असता, तर माका कोणी इचारला असता?"

 काका उठले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. "वयनी, चूक माझी. बियो काढूक मी सांगूक नाय. पोरीक बोल लावू नका." आणि नाकाचंही सांगून टाकलं. अकरा वर्षं झाकून ठेवलेलं, माझ्यासाठी.

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पदर खोचला आणि स्वतःच्या हाताने त्यांचं पान वाढलं. "बसा. जेवा आमच्यावांगडा."

काका खाली मान घालून जेवू लागले. सासूबाई शेजारी बसून घासागणिक सांगू लागल्या, "ह्यां आंबट, सोलांचा. मागसून खोबऱ्याचो गोडवो येता. आणि कडू लागता, ता आमच्या सुनेचा." मी सून झाले ती त्या वाक्याने. लग्नात नाही.

काकांनी दोनदा भात मागून घेतला. आज माझ्या हाताला जी काही चव आहे, ती या चव नसलेल्या माणसाने दिली आहे. त्यांचे उपकार कसे फेडणार? त्या दिवसापासून त्यांना वाटी नेऊन दिली की मी लगेच परतत नसे. शेजारी बाकावर बसून, काय काय लागतंय ते सांगत असे, वाटी रिकामी होईपर्यंत.